मोटारीच्या रंगाची जाडी

आज ज्या उपकरणाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे ते हाताच्या मुठीत मावते. त्याला दोन सेल लागतात, टोकाला वाटाण्याएवढी एक घुंडी असते, आणि ते एकच काम करते : पत्र्यावर रंग किती जाड बसला आहे ते सांगते. तुम्ही म्हणाल, रंगाची जाडी मोजून आम्हांला काय करायचे आहे? आम्ही का मोटारी तयार करतो? थोडा दम धरा.

तालुक्याच्या गावी बाजाराला जाता तेव्हा स्टँडच्या पुढे गाड्या धुण्याचे सेंटर तुम्ही पाहिलेच असेल. पूर्वी तिथे पाण्याचा फवारा आणि साबणाचा फेस, एवढाच कारभार असे. आता बऱ्याच ठिकाणी पाटीवर ‘डिटेलिंग’ हा नवा शब्द आला आहे. गावातलाच कुणीतरी होतकरू तरुण असतो. आयटीआय केलेला, घरच्यांनी थोडे पैसे घालून धंदा उभा करून दिलेला. तो गाडी नुसती धूत नाही. यंत्राच्या फिरत्या बफाने रंगावरचे ओरखडे घालवून नव्यासारखी चकाकी आणतो. आपल्याकडे धूळ काय कमी आहे? उसाच्या हंगामातली रस्त्यावरची धूळ, कोकणातली तांबडी माती. ती कोरड्या फडक्याने पुसली की प्रत्येक कण रंगावर चरा ओढतो. ऊन पडले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात ते हेच.

हे ओरखडे जातात कसे? भरून निघत नाहीत बरं का. आजूबाजूचा रंग घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला, की ओरखडा उरत नाही. म्हणजे चकाकी आणायची तर प्रत्येक वेळी रंगाचा थोडा थर खर्ची घालावा लागतो. आता तो थर मुळात आहे तरी किती, ते पाहू.

चाकणच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा तयार झाला की तो धुऊन काढतात आणि विजेचा प्रवाह सोडलेल्या रंगाच्या टाकीत सबंध बुडवतात. त्याने पत्र्याच्या कानाकोपऱ्यात गंजरोधक पहिला लेप बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर. हे सगळे थर मिळून जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लिहिण्याच्या जाड कागदाचा एक ताव घेतलात तर तो शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपण लाखो रुपये देऊन जी गाडी घेतो तिच्या पत्र्याला पावसापासून आणि उन्हापासून जे वाचवते, ते एका कागदाएवढे पांघरूण. त्यातही वरचे लॅकर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्धाच कागद. आणि घासायला हाताशी आहे ते एवढेच.

उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्ये या लॅकरमध्ये असतात. सौम्य पॉलिशने एखाददुसरा मायक्रॉन जातो. जाड कंपाऊंड आणि लोकरी बफ घेऊन रेटले, तर एका बैठकीत पाच-सहा मायक्रॉन सहज जातात. पॉलिश पेपर मारला तर त्याहून अधिक. मालकाला चकाकी आवडते, तो दर दिवाळीला गाडी आणून उभी करतो. काही वर्षांनी लॅकर इतके पातळ होते की एका उन्हाळ्यात टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडून त्याचे पोपडे सुटू लागतात. मग पॉलिशने काही होत नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. तोवर बफ मारणारा बदललेला असतो, आणि दोष येतो कारखान्याच्या रंगावर.

म्हणून बफ हातात घेण्याआधी जाडी पाहायची. ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला कळत नाही. नखाला एवढेच कळते की ओरखडा खोल आहे की वरवरचा. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशने पुरता घालवण्याच्या नादाला लागू नये. जाडीसाठी मात्र उपकरणच हवे.

ते चालते कसे, हे समजून घेतले की कोणते घ्यावे हे निम्मे आपोआप कळते. शाळेतल्या गुरुजनांनी इथे जरा कान द्यावा, कारण विज्ञानाच्या पुस्तकातले दोन धडे या मुठीएवढ्या डबीत आहेत. पत्रा लोखंडी असेल तर उपकरणाच्या टोकातले चुंबकीय क्षेत्र पत्र्याकडे ओढ घेते. मधे रंग जितका जाड, तितके टोक पत्र्यापासून दूर, आणि तितका त्या क्षेत्रात फरक. तो फरक आतल्या तारेच्या वेटोळ्याला कळतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पण पत्रा अल्युमिनियमचा असेल तर चुंबक त्याला ओळखतच नाही. तिथे दुसरी युक्ती. टोकातल्या वेटोळ्यात फार जलद उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे खालच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते वेटोळ्यावर उलट परिणाम करतात. अंतर वाढले की हा परिणाम कमी होतो. या भोवरी प्रवाहांचा शोध लेओं फूको यांच्या नावे आहे, १८५५ सालचा. पृथ्वी फिरते हे लांबलचक लंबकाने दाखवणारे फूको ते हेच.

दोन्ही पद्धतींत उपकरण रंग पाहत नाही, हे नीट ध्यानात घ्या. ते फक्त आपल्या टोकापासून धातूपर्यंतचे अंतर सांगते. मधे रंग आहे, पुट्टी आहे, मेण आहे की वाळलेला चिखल आहे, त्याला काही देणेघेणे नाही. म्हणून मोजण्याआधी गाडी धुऊन कोरडी करायची.

आता खरेदी. सगळ्यांत स्वस्त म्हणजे पेनासारखी कांडी, टोकाला चुंबक आणि आत स्प्रिंग. चिकटवून ओढायची, सुटताना जो आकडा दिसेल तो घ्यायचा. हिला सेल लागत नाहीत, ती वर्षानुवर्षे टिकते, पण तिचा आकडा ढोबळ. पुट्टी आहे की नाही हे ओळखायला ठीक; बफचे काम करणाऱ्याला ती पुरणार नाही. त्यावरचे उपकरण फक्त लोखंडावर चालणारे. आणि त्याच्या वर, लोखंड आणि अल्युमिनियम दोन्ही ओळखणारे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पोलादी पत्र्याच्या असतात हे खरे, तरी माझे मत असे की धंद्यासाठी घेणाऱ्याने दोन्हीवर चालणारेच घ्यावे. काही गाड्यांचे बॉनेट अल्युमिनियमचे असते. फक्त लोखंडावर चालणारे उपकरण तिथे एकतर आकडाच देत नाही, नाहीतर रंग फार जाड असल्याचे दाखवते. आणि ‘इथे भरपूर रंग आहे’ असे समजून पोरगा बफ दाबतो.

बंपर प्लॅस्टिकचा. तिथे ही दोन्ही तत्त्वे लागू पडत नाहीत, कारण खाली धातूच नाही. ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणे प्लॅस्टिकवरचा रंगही मोजतात, आणि त्यांतली काही थर वेगवेगळे करून दाखवतात. पण त्यांची किंमत पाहिली की तालुक्याच्या गावातल्या माणसाने ती वाट धरू नये हे बरे. बंपरवर हात हलका ठेवावा, एवढेच.

आणखी एक मेख आहे ती जस्ताची. पुष्कळ गाड्यांचा पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असतो. जस्त चुंबकाला लागत नाही, त्यामुळे लोखंडाच्या पद्धतीने मोजताना तो मुलामाही रंगातच जमा होतो. पाच-दहा मायक्रॉनचा प्रश्न आहे, त्यासाठी झोप उडवून घेऊ नये. पण काही आपोआप धातू ओळखणारी उपकरणे जस्तालाच अल्युमिनियम समजतात. चांगल्या उपकरणात जस्त असल्याचे वेगळे दाखवण्याची सोय असते. दुकानदाराला ती विचारावी.

कंपन्यांची नावे मी घेणार नाही. तसा या उपकरणांचा धंदा जुना आहे. इंग्लंडात मँचेस्टरला १९४७ सालापासून ती बनत आली आहेत, आणि आधी ती पूल, जहाजे, टाक्या यांच्या रंगासाठी वापरली जात. ही मोजमापे कशी घ्यावीत याची आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. लोखंडासाठी २१७८ क्रमांकाचे आणि लोखंडाखेरीज इतर धातूंसाठी २३६० क्रमांकाचे आय.एस.ओ. मानक. माहितीपत्रकावर हे क्रमांक आहेत का ते पाहावे. नुसता क्रमांक छापला म्हणून माल चोख ठरत नाही. तरी ज्याला हे क्रमांकही ठाऊक नाहीत त्याच्याकडून वजनकाटासुद्धा घेऊ नये.

पडद्यावर दशांश चिन्हानंतर आकडा दिसला की गिऱ्हाईक भुलते. ११२ दाखवणाऱ्यापेक्षा ११२.४ दाखवणारे अधिक बिनचूक, असे आपल्याला वाटते. वास्तविक किती बारीक आकडा दाखवतो ही एक गोष्ट, आणि तो आकडा किती खरा ही दुसरी. माहितीपत्रकात चुकीची मर्यादा दिलेली असते. चांगल्या उपकरणांत ती मोजलेल्या आकड्याच्या एक ते तीन टक्के आणि वर एक-दोन मायक्रॉन, अशी असते. हलक्या उपकरणाची चूक दहा मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. आता तुम्हीच हिशेब करा. बफने चार मायक्रॉन गेले आणि उपकरण दहाने चुकते, तर त्याचा आकडा काय चाटायचा?

म्हणून दुकानात तीन परीक्षा घ्याव्यात, आणि घेऊ न देणाऱ्या दुकानातून उठून यावे. उपकरणाच्या डबीत धातूची एक कोरी चकती आणि ठरावीक जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. कोऱ्या चकतीवर टेकवून शून्य लावा, मग शंभर मायक्रॉनची पट्टी ठेवून मोजा. शंभराच्या जवळ आले पाहिजे. ही पहिली. दुसरी परीक्षा दाराशी उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीवर. पत्र्यावर खडूने बारीक खूण करून त्याच जागी दहा वेळा मोजा. आकडे १११, ११२, १११, ११३ असे चालले तर ठीक. १०४, ११९, १०९ असे नाचू लागले तर डबी परत करा. तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती फसवता येत नाही. त्याच जागी ती शंभरची पट्टी ठेवा आणि वरून मोजा. आधी १११ आले होते, आता २११ च्या आसपास यायला हवे. चकतीवर सगळेच उपकरण शहाणे असते. रंगवलेल्या खऱ्या पत्र्यावर शंभराचे शंभर भरले तर ते कामाचे.

दुसरी परीक्षा बफवाल्याला विशेष महत्त्वाची का, तर त्याला मुख्यतः आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमधला फरक हवा असतो. सगळेच आकडे दोन मायक्रॉनने जास्त आले तरी वजाबाकी बरोबर येते. उपकरण दर वेळी वेगळे बोलू लागले तर मात्र वजाबाकीला अर्थ नाही.

बाकी गोष्टी किरकोळ. टोक गुळगुळीत असावे, नाहीतर मोजता मोजताच चरा पडायचा. टोकाला स्प्रिंग असली तर दाब एकसारखा पडतो. आकडा झटकन यावा. एका गाडीचे साठ-सत्तर ठिकाणी मोजमाप घ्यायचे तर प्रत्येक वेळी तिष्ठत बसणे परवडत नाही. पडदा उन्हात वाचता यावा. आकडे साठवून ठेवण्याची, मोबाईलवर पाठवण्याची सोय असते, तिला पैसे जास्त पडतात. वही आणि पेन्सिल तेवढेच काम करते, आणि वहीवर गिऱ्हाइकाची सहीही घेता येते.

मोजताना उपकरण पत्र्याला काटकोनात धरावे; तिरके झाले की आकडा फुगतो. कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत मोजावे. मडगार्डच्या बाकावर आकडा जास्त येतो, म्हणून सपाट भाग निवडावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मोजू नये. गाडी सावलीत घेऊन निवू द्यावी आणि तिथेच शून्य लावून घ्यावे. एका पत्र्यावर एक आकडा घेऊन भागत नाही, निदान पाच ठिकाणी घ्यावेत.

समजा, बॉनेटवर ११२, १०८, ११५, ११०, १०९ असे आले. हा कारखान्याचा रंग. उजव्या दारावर १०६, १०९, १०७. तोही तसाच. डाव्या मागच्या दारावर मात्र २४०, २५५, आणि खालच्या बाजूला ६४०. म्हणजे दार पुन्हा रंगवलेले आहे आणि खाली पोचा पुट्टीने भरलेला आहे. तिथे २५५ आहेत म्हणून निर्धास्त घासावे का? मुळीच नाही. उपकरण एकूण जाडी सांगते. त्यातले लॅकर किती ते सांगत नाही. पेंटरने जुन्या रंगावर नवा रंग चढवून लॅकरचा एकच पातळ हात मारला असेल, तर २५५ मधले लॅकर कारखान्याच्या ११० मधल्यापेक्षाही कमी असायचे. आणि टपावर कुठे ७०-७५ आले तर तिथे पूर्वी कुणीतरी हात धुऊन घेतले आहेत असे समजावे आणि बफ बाजूला ठेवावा. पत्र्याच्या धारा आणि दुमड यांवर रंग मुळातच पातळ असतो आणि नेमका तिथे बफ जास्त लागतो. तिथे कागदी टेप लावून घ्यावी, हे उपकरण असो वा नसो.

आता ज्यांचा बफशी संबंध नाही त्यांच्याकडे वळतो. गावात पहिली मोटार येते ती बहुधा जुनी येते. मास्तरांची निवृत्तीची रक्कम, द्राक्षाच्या बागेचे एका वर्षाचे पैसे, नाहीतर पतपेढीचे कर्ज. हे पैसे एका दुपारी शहरातल्या गाड्यांच्या दलालासमोर मोजले जातात, आणि गाडी असते आदल्याच दिवशी पॉलिश मारलेली. चकाकी पाहून सौदा करू नका. अशा वेळी हे उपकरण घेऊन कुणी जाणता बरोबर असला तर फार उपयोग होतो. २०० ते ३०० चा आकडा एखाद्या दारावर किंवा बंपरजवळच्या मडगार्डवर आला तर घाबरू नका. गल्लीबोळातून चालणाऱ्या गाडीला खरचटते, मालक रंगवून घेतो. भावात थोडी घासाघीस करावी आणि पुढे जावे. पाचशेच्या वर गेला की पुट्टी आहे असे धरावे. हजाराच्या वर गेला तर पोचा मोठा होता. आणि हा मोठा आकडा टपावर किंवा दारांच्या मधल्या खांबांवर आला तर गाडी कितीही आवडली असली तरी तिथून निघावे. टप सहसा घासत नाही. तो ठोकूनठाकून रंगवलेला आहे, याचा अर्थ गाडी उलटली असेल किंवा तिच्यावर काही पडले असेल. अशा गाडीचा सांगाडा पुढच्या अपघातात माणसांना कितपत सांभाळील, सांगता येत नाही. डाव्या बाजूचे आकडे उजव्या बाजूशी ताडून पाहावेत. दोन्ही बाजू जुळल्या तर बहुधा कारखान्याचेच काम.

उपकरण नसेल तर लहान पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा, ही जुनी युक्ती आहेच. जिथे तो एकाएकी सैल पडेल तिथे जाड पुट्टी आहे, नाहीतर पत्रा पोलादी नाही. दोनशे आणि शंभर यांतला भेद मात्र चुंबकाला नीट कळत नाही.

किमतीचे म्हणाल तर चालण्याजोगे उपकरण काही हजारांत मिळते, नावाजलेले त्याच्या कित्येक पट. रोज गाड्या घेणाऱ्या तरुणाने आपल्या ऐपतीतले, वरच्या तीन परीक्षांना उतरलेले घ्यावे. वर्षात एखादी गाडी घेणाऱ्याने विकत घेण्याची गरज नाही. डिटेलिंगवाल्याला शंभर-दोनशे रुपये आणि चहा देऊन बरोबर न्यावे. त्या मुलांनीही ही सेवा पाटीवर लिहायला हरकत नाही.

गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. ताणकाट्याला चुंबक अडकवा, तो शाळेच्या लोखंडी कपाटाला चिकटवून सरळ ओढा, आणि सुटताना काटा कुठे होता ते मुलांना लिहायला सांगा. मग मधे एक कागद, दोन, तीन, असे दहापर्यंत ठेवून पाहा. कागदाची जाडी मुलांनीच काढावी : शंभर पाने दाबून धरून पट्टीने मोजायची आणि शंभराने भागायचे. आलेल्या आकड्यांचा आलेख काढला तर रेघ सरळ येत नाही, वळत जाते. ती का वळते, यावर सातवी-आठवीचा एक तास चांगला रंगेल. पुढे एखादी पेनासारखी कांडी मिळाली तर तीच मुले मुख्याध्यापकांच्या गाडीचे दार मोजून येतील, आणि हा आलेख तिच्यात कुठे दडला आहे ते त्यांना ओळखता येईल.

उपकरण घेतलेल्यांनी त्याची चकती आणि पट्ट्या सांभाळाव्यात. पट्टीला चुणी पडली की तिची जाडी खोटी झाली, ती बदलून घ्यावी. चकतीवर बोटांचा घाम राहिला तर ती गंजते. पुसून कागदात गुंडाळून ठेवावी. आणि पावसाळ्यात काम बंद असते तेव्हा सेल काढून ठेवावेत.